पंचमीनंतरचा सहावा दिवस : एका फ्लू-न्यूमोनियाचं प्रकरण

केसपेपरच्या कोपऱ्यात लिहिलं होतं : ‘ताप, ४ दिवस’. तो आकडा चुकीचा होता. या प्रकरणात शेकडो आकडे जमा झाले, पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हाच, म्हणून सुरुवात त्याच्यापासून करते.

रुग्ण ५१ वर्षांची, निपाणी भागातल्या एका गावची. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आजाराचा क्रम तसाच ठेवला आहे.) रात्री साडेनऊच्या सुमारास १०८ मधून ती बेळगावात आमच्या आयसीयूत आली. निपाणीहून कोल्हापूर साधारण ४० किलोमीटर आणि बेळगाव जवळपास त्याच्या दुप्पट, पण सरकारी आरोग्य कार्ड कर्नाटकाचं, म्हणून घरच्यांनी बेळगावची वाट धरली. नाकाला ऑक्सिजन, ओठ काळसर, एका श्वासात तीन शब्दांपलीकडे बोलता येत नव्हतं. सिस्टरनं कानडीत विचारलं, ताप कधीपासून? आमच्याकडचं कुठलंही माणूस कानडी-मराठी दोन्ही उलटसुलट बोलतं, तसं तिला प्रश्न नीट कळला. ती म्हणाली, “चार दिवस झालं… पडून हाय.” सिस्टरनं चार लिहिलं.

अडचण भाषेची नव्हती. अंथरूण धरून चार दिवस झाले होते. ताप त्याच्या आधी दोन दिवस सुरू झाला होता आणि ते दोन दिवस ती सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसली होती. विडी कामगार बाईला ‘आजारी’ म्हणजे हात थांबले तेव्हापासून आजारी. त्याआधीची कणकण ती मोजतच नाही, कारण मजुरी हजार विड्यांमागे मिळते. माझी आजी विड्या वळायची, म्हणून मला हे हिशेब ठाऊक आहेत. मी तिच्या मुलीला बाहेर बाकावर बसवलं आणि विचारलं, “तारीख नको सांगू. पंचमीला आई कशी होती?”

मग सगळं नीट बाहेर आलं. नागपंचमीसाठी लेक गडहिंग्लजकडून माहेरी आली, पंचमीच्या आदल्या दिवशी. सोबत पाच वर्षांचा नातू, नाक गळतंय, खोकतोय. आजीनं त्याला कुशीत घेऊन दोन रात्री काढल्या. पंचमी चांगली गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आजीला हुडहुडी भरली. म्हणजे पंचमीनंतरचा पहिला दिवस तोच आजाराचा पहिला दिवस. आमच्याकडे ती आली तो सहावा.

चौथा आणि सहावा यात एवढं काय, असं कुणालाही वाटेल. विषाणूच्या बाबतीत पहिल्या आठवड्यातला प्रत्येक दिवस निराळा असतो. चौथ्या दिवशी शरीरात जे चाललेलं असतं, ते सहाव्या दिवशी बदललेलं असतं. एवढंच नाही, तेच औषध एका दिवशी आधार देतं आणि दुसऱ्या दिवशी घात करतं.

पहिले दोन दिवस : दवंडी

घशाच्या नमुन्याची आरटी-पीसीआर तपासणी ती दाखल झाल्याच्या दुसऱ्या दिवशी आली : इन्फ्लुएंझा ए, एच१एन१. २००९ साली ज्याची जागतिक साथ आली आणि ज्याला आपण ‘स्वाइन फ्लू’ म्हणत आलो, तोच प्रकार. आता तो दर पावसाळ्यात येणारा पाहुणा झाला आहे.

हा विषाणू श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशीत शिरला की सहा ते आठ तासांत तिथून नवे विषाणू बाहेर पडू लागतात. शरीरात आधीपासून तयार प्रतिपिंडं (अँटिबॉडी) नसतील, तर ती बनवायला आठवडा तरी जातो. मधला काळ कोण सांभाळतं? जन्मजात प्रतिकारयंत्रणा. तिला शत्रूचं नाव-गाव ठाऊक नसतं, फक्त ‘हे आपलं नव्हे’ एवढं कळतं. पेशीच्या आत रिग-आय नावाचं प्रथिन असतं. विषाणूच्या आरएनएच्या टोकाला जी तीन फॉस्फेटांची खूण असते, ती आपल्या पेशीतल्या वापरातल्या आरएनएवर उघडी नसते. रिग-आय ती खूण ओळखतं आणि पेशी इंटरफेरॉन सोडू लागते.

१९५७ मध्ये अॅलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान या दोघांनी हा पदार्थ शोधला, तोही इन्फ्लुएंझाच्याच विषाणूवर काम करताना. मला इंटरफेरॉन समजावून सांगायचं असतं तेव्हा मी दवंडीचं उदाहरण देते. दवंडी पिटणारा कुणाला मारत नाही. तो गल्लीगल्लीतून सांगत जातो आणि लोक आपापली दारं लावून घेतात. इंटरफेरॉनही विषाणूला हात लावत नाही. शेजारच्या पेशींना तो निरोप देतो आणि त्या पेशींमधली शेकडो जनुकं जागी होतात. एखादं प्रथिन विषाणूला आत शिरू देत नाही, एखादं त्याचा आरएनए तोडतं, एखादं पेशीतलं प्रथिन बनवण्याचं कामच थांबवतं. ज्या पेशीत संसर्ग झाला ती बहुधा मरते. गल्ली वाचते.

आणि दवंडी ऐकू येते ती आपल्यालाही. अंग मोडून येणं, सांधे ठणकणं, थंडी भरणं यांतलं बरंचसं विषाणूचं थेट काम नसतं. ते इंटरफेरॉन आणि त्याच्या सोबतच्या सायटोकाइनांचं, म्हणजे पेशींनी एकमेकींना निरोप देण्यासाठी सोडलेल्या प्रथिनांचं असतं. पूर्वी हेपॅटायटिस सी साठी इंटरफेरॉनची इंजेक्शनं द्यायचे, तेव्हा रुग्णांना नेमकं फ्लूसारखंच वाटायचं. १९१८ च्या साथीला आपल्या लोकांनी ‘मानमोडी’ म्हटलं, त्या नावात ही दवंडीच ऐकू येते मला.

इन्फ्लुएंझाच्या विषाणूलाही दवंडी ठाऊक आहे. त्याचं एनएस१ नावाचं प्रथिन रिग-आयच्या वाटेतच आडवं येतं. म्हणून पहिल्या ४८ तासांत शर्यत असते : आधी निरोप पोचतो की आधी विषाणू. बहुतेक घरांत निरोप जिंकतो. या घरातही नातू दोन दिवस शिंकून बरा झाला आणि नवऱ्याचा ताप तीन दिवसांत उतरला. तोच विषाणू, तीच खोली, तीच हवा.

तिच्याच बाबतीत निरोपाला उशीर का झाला, याचं बोट एकाच कारणावर ठेवता येणार नाही. पण तिच्या फुप्फुसाचा इतिहास मला माहीत आहे. लग्नानंतरची बारा वर्षं ती तंबाखूच्या वखारीत चाळणीवर होती. ज्यानं निपाणीची वखार आतून पाहिली आहे, त्याला ती तपकिरी धूळ सांगायला नको. नाकाला पदराची घडी, एवढंच संरक्षण. पुढं घरी विड्या. सकाळी मशेरी. स्वयंपाक चुलीवर. श्वासनलिकेतल्या अस्तरावर बारीक केसांसारखे तंतू असतात, ते कफाचा थर सतत वर ढकलत असतात आणि विषाणूला खाली उतरू देत नाहीत. धूळ आणि धूर यांनी हीच पहिली मोरी तुंबते. सिगारेटच्या धुरानं पेशींची इंटरफेरॉन सोडण्याची क्षमता मंदावते, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. भरीला मधुमेह, पाच वर्षांचा, गोळ्या ‘साखर वाढली की’ घ्यायच्या अशा पद्धतीनं घेतलेल्या.

तिसरा आणि चौथा दिवस : ताप उतरला

तिसऱ्या दिवशी ती उठू शकली नाही. गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. एक इंजेक्शन, एक सलाईन आणि पुडीत बांधलेल्या गोळ्या. मुलीनं उरलेली पुडी मला दाखवली : पॅरासिटामॉल, एक अँटिबायोटिक आणि बारीक पांढरी गोळी, दिवसातून तीनदा. ती गोळी स्टेरॉइड होती.

चौथ्या दिवशी ताप नव्हता. तिनं भाकरी खाल्ली, नातवाशी बोलली. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. त्या डॉक्टरांना मी दूषण देणार नाही. समोर तापलेलं माणूस, मजुरी बुडालेली, ‘लवकर बरं करा’ ही मागणी, आणि स्टेरॉइडनं खरोखरच काही तासांत बरं वाटतं. पण तिथं काय घडलं ते स्पष्ट सांगायला हवं. स्टेरॉइडनं विषाणू हटत नाही. दवंडीचा आवाज बंद होतो. ताप उतरला तो विषाणू हरला म्हणून नव्हे, तर त्याच्याविरुद्ध बोंब मारणारं तोंड दाबलं गेलं म्हणून. वर मधुमेह असलेल्या शरीरात साखर भडकली, आणि भडकलेल्या साखरेत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी नीट चालत नाहीत, नीट गिळत नाहीत.

याच दिवसांत ऑसेल्टामिविर सुरू व्हायला हवं होतं. हे औषध नवे विषाणू पेशीपासून सुटू देत नाही, आणि पहिल्या ४८ तासांत दिलं तर सर्वांत उपयोगी पडतं. पहिले ४८ तास ती विड्या वळत होती.

सहावा दिवस

पाचव्या रात्री तिला आडवं होता येईना. सहाव्या दिवशी दुपारी आशाताई घरी आल्या, त्यांनी बोटाला ऑक्सिमीटर लावला : ८४. त्या बाईंनी वाद न घालता गाडी बोलावली, म्हणून ही कथा पुढं सांगता येते आहे.

आमच्याकडचे पहिले आकडे असे होते. श्वास मिनिटाला ३८. पांढऱ्या पेशी ४,१००, त्यात लिम्फोसाइट (विषाणूंशी लढणाऱ्या पेशी) फक्त ८ टक्के, म्हणजे खूपच कमी. सीआरपी १८६, फेरिटिन १,४८० : शरीरातला दाह दाखवणारे हे दोन्ही आकडे खूप चढलेले. साखर ३८८. छातीच्या एक्स-रेत दोन्ही फुप्फुसांचा खालचा भाग पांढराधोप.

हे आकडे वाचताना मला नेहमी उसाचा पेटलेला फड आठवतो. आग एका कोपऱ्यात असते तेव्हा चार माणसं पाचोळा ओढून ती विझवतात. उशिरा कळलं, आग चहूकडे गेली, की सगळा गाव धावतो, आणि विझवणाऱ्यांच्या पायांखाली शेजारचं पीकही जातं. वेळेवर इंटरफेरॉन न पोचल्यामुळं विषाणू श्वासनलिकेतून खाली हवेच्या पिशव्यांपर्यंत उतरला होता. तिथं राखणीला मॅक्रोफेज असतात, एरवी धूळ-कचरा गिळणारे. त्यांनी आता हाक दिली. ती हाक म्हणजे आयएल-६, आयएल-१, टीएनएफ ही सायटोकाइनं. आयएल-६ यकृतापर्यंत पोचतं आणि यकृत सीआरपी बनवतं. म्हणजे तिच्या रिपोर्टवरचे ते १८६ म्हणजे या हाकेचा कागदावर उमटलेला आवाज. हाकेला रक्तातून न्यूट्रोफिल आणि मोनोसाइट या पांढऱ्या पेशी धावल्या. न्यूट्रोफिल स्वतःच्या डीएनएचं जाळं फेकतात, त्यात जंतू अडकतात, पण त्यावरच्या विकरांनी पिशव्यांचं नाजूक अस्तरही सोलवटतं. अस्तर गेलं की रक्तातलं पाणी आणि प्रथिनं पिशवीत झिरपतात. पिशवी उघडी ठेवणारा सरफॅक्टंट बनवणाऱ्या पेशीही मेलेल्या असतात. पिशव्या मिटतात. बाहेरून कितीही ऑक्सिजन दिला तरी तो रक्तापर्यंत पोचत नाही.

मुलगी रडत म्हणाली, “आईची इम्युनिटी कमी पडली काय हो बाई? काढा तर रोज करून देत होतो.”

तिला मी त्या रात्री जे सांगितलं, त्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. तिच्या आईची प्रतिकारशक्ती कमी पडली नव्हती. सहाव्या दिवशी तर ती हवी त्याहून जास्त होती. ती उशिरा जागी झाली आणि मग नको तिथं धावली. ‘इम्युनिटी वाढवा’ या सल्ल्यात एक गृहीत असतं, की ही शक्ती म्हणजे टाकीतलं पाणी, जितकं जास्त तितकं बरं. खरं तर तिथं सगळा प्रश्न वेळेचा आणि जागेचा आहे. काढ्यानं आईचं काही बिघडलं नाही. लेकीनं स्वतःला त्याबद्दल अपराधी मानण्याचं कारण नव्हतं आणि तेवढंच मला त्या क्षणी तिला द्यायचं होतं.

वेळेची ही गोष्ट इंटरफेरॉन औषध म्हणून वापरताना लख्ख दिसली. कोविडच्या काळात जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘सॉलिडॅरिटी’ चाचणीत रुग्णालयात दाखल झालेल्यांना इंटरफेरॉन बीटा हा त्याचा एक प्रकार दिला गेला, मृत्यू कमी झाले नाहीत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका चाचणीत लक्षणं दिसल्यापासून सात दिवसांच्या आत, घरीच असलेल्या रुग्णांना इंटरफेरॉन लॅम्डा या दुसऱ्या प्रकाराचं एकच इंजेक्शन दिलं, आणि रुग्णालय गाठण्याची वेळ येणाऱ्यांचं प्रमाण ५.६ वरून २.७ टक्क्यांवर आलं. उंदरांवरच्या प्रयोगांत तर असंही दिसलं, की हेच लॅम्डा उशिरापर्यंत रेंगाळलं तर फुप्फुसाचं फाटलेलं अस्तर पुन्हा विणलं जाण्यात अडथळा येतो.

काही माणसांत मात्र दवंडीचाच गळा आधीपासून आवळलेला असतो. २०२० मध्ये गंभीर कोविडच्या ९८७ रुग्णांची तपासणी झाली. त्यांतल्या १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडं सापडली, आणि त्यांतले ९५ पुरुष होते. पुढं इन्फ्लुएंझाच्या अत्यवस्थ रुग्णांतही अशी प्रतिपिंडं सुमारे ५ टक्के जणांत आढळली. फ्रान्समधल्या एका लहान मुलीला साध्या फ्लूनं मरणाच्या दारात नेलं होतं. तिच्यात आयआरएफ७ या इंटरफेरॉनच्या कळीच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या निघाल्या, हे २०१५ मध्ये जाहीर झालं. धडधाकट दिसणारा माणूस एका तापानं का कोसळतो, याचं उत्तर कधी कधी इतकं बारीक असतं, आणि त्यात त्या माणसाचा काहीही दोष नसतो.

व्हेंटिलेटरचे नऊ दिवस

इथं थोडक्यात सांगते. ऑसेल्टामिविर उशिरा का होईना सुरू केलं, कारण अत्यवस्थ रुग्णात उशिरा दिलं तरी द्यावं असंच मानलं जातं. इन्सुलिन, अँटिबायोटिक, नाकातून जोराच्या प्रवाहानं ऑक्सिजन. आठव्या दिवशी सकाळी नळी घालावी लागली. रोज सोळा तास तिला पालथं झोपवलं. पाच माणसं लागतात त्याला, आणि वॉर्डबॉयपासून सिस्टरपर्यंत कुणी एकदाही कुरकुरलं नाही.

स्टेरॉइडवर आमच्यात चर्चा झाली. नवऱ्यानंही विचारलं, “कोरोनात देत हुता की.” प्रश्न रास्त होता. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीनं दाखवलं, की डेक्सामेथासोननं व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं आणि ऑक्सिजनवरच्यांचे सुमारे एक पंचमांशानं घटले. त्याच चाचणीत ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती, त्यांना काहीच फायदा झाला नाही. पुन्हा तीच वेळेची गोष्ट. पण इन्फ्लुएंझात स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांच्या नोंदींत मृत्यू आणि दुसरे संसर्ग जास्त दिसतात, आणि हिच्या साखरेची अवस्था तशी. आम्ही दिलं नाही. गावातून सुरू झालेली गोळीही आधीच थांबवली होती.

बाराव्या दिवशी पुन्हा ताप. पांढऱ्या पेशी १९,६०० वर, नळीतला कफ पिवळा. तपासणीत स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू निघाला. हाही योगायोग नव्हे. विषाणूशी लढताना जे इंटरफेरॉन कामाला येतं, तेच पुढच्या आठवड्यात जिवाणूंविरुद्धची फळी ढिली करतं : न्यूट्रोफिल कमी बोलावले जातात, मॅक्रोफेजचं गिळणं मंदावतं. शिवाय सोलवटलेल्या अस्तरावर जिवाणूंना बस्तान बसवायला जागा मिळते. १९१८ च्या जपून ठेवलेल्या फुप्फुसांच्या नमुन्यांचा पुन्हा अभ्यास झाला, तेव्हा बहुतेक मृत्यू अशा जिवाणूंच्या न्यूमोनियानंच झाल्याचं दिसलं. अँटिबायोटिक बदललं. तीन दिवस माझी झोप उडाली होती.

सतराव्या दिवशी नळी काढली. पहिले शब्द फुटले ते असे : “पोराला ताप न्हाई न्हवं?” नातवाबद्दल विचारत होती.

सव्विसाव्या दिवशी घरी गेली. जाताना मी तिच्या डिस्चार्ज कार्डावर पहिल्याच ओळीत लिहिलं, ‘आजाराचा पहिला दिवस : नागपंचमीचा दुसरा दिवस’, इंग्रजी मजकुराच्या वर, मराठीत.

नंतर

तीन महिन्यांनी तपासायला आली तेव्हा बसल्या जागी ऑक्सिजन ९६, सहा मिनिटं चालल्यावर ९१. एक्स-रेत खालच्या बाजूला दोन-चार रेघांसारखे व्रण. साखर आटोक्यात. मशेरी सुटली होती, विड्या सुटल्या नव्हत्या. ओसरीवर मोकळ्या हवेत बसून वळते म्हणाली. फ्लूची लस तिला आणि नवऱ्याला त्याच दिवशी टोचली. मधुमेह असलेल्यानं ती दरवर्षी पावसाळ्याआधी घ्यावी, हे मुलीला समजावलं. मुलगी आता फोनमध्ये नोंद ठेवते.

पुढच्या वर्षी बेंदूर होऊन गेला होता, पंचमी यायची होती. सकाळी सातला फोन आला. तीच होती.

“बाई, काल दिवेलागणीपासनं ताप हाय. अंग मोडालंय. काल पयला दिवस, आज दुसरा. ऑक्सिजन सत्त्याण्णव हाय. विड्या न्हाई वळालो आज.”

मी तिला निपाणीच्या सरकारी दवाखान्यात पाठवलं आणि तिथल्या डॉक्टरांशी बोलले. दुपारी बारापर्यंत ऑसेल्टामिविरची पहिली गोळी तिच्या पोटात होती. तपासणीत पुन्हा इन्फ्लुएंझा निघाला. चौथ्या दिवशी ताप उतरला. मी मुद्दाम विचारलं, पुडीत बारीक पांढरी गोळी होती का. नव्हती.